डॉक्टरांच्या सर्वेक्षणाला प्रतिसाद येत नाही: गळती कुठे आहे ते शोधा, मग उपाय करा

लक्षण नेहमीचंच. हजारभर डॉक्टरांना लिंक पाठवली, पहिल्या दोन दिवसांत साठ-सत्तर उत्तरं आली आणि मग आकडा हलेनासा झाला. रिमाइंडर टाकला, आणखी पंधरा-वीस वाढले. मग बैठकीत तीन सूचना येतात: अजून एक रिमाइंडर टाकू, गिफ्ट व्हाउचर देऊ, नाहीतर लिंक सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडू. यातलं काहीही करण्याआधी प्रतिसाद कुठल्या टप्प्यावर गळतोय ते बघा. यादीतलं नावच चुकीचं असतं, पत्र किंवा मेल पोहोचलेला नसतो, पोहोचलेला कोणीतरी अडवलेला असतो, उघडून सुरू केलेला नसतो, किंवा सुरू करून अर्ध्यावर सोडलेला असतो. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा आहे. चुकीच्या पत्त्यावर मानधनाचा चेक पाठवून काही होत नाही, आणि चाळीस प्रश्नांच्या फॉर्मला चार रिमाइंडर लावून तो छोटा होत नाही.

अपेक्षाही जमिनीवर असू द्या. वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या टपाली सर्वेक्षणांचा १९९७ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा डॉक्टरांचा सरासरी प्रतिसाद ५४ टक्के आणि इतरांचा ६८ टक्के निघाला होता. तोही कागदाच्या जमान्यात, आणि छापण्याइतक्या बऱ्या वठलेल्या अभ्यासांत. नुसत्या ईमेलवर चालवलेल्या सर्वेक्षणाला साठ टक्के मिळतील असं गृहीत धरून नमुना, म्हणजे किती जणांना विचारायचं ते, ठरवला असेल तर चूक पहिल्याच पानावर झालेली आहे.

आधी पाच आकडे काढा

सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमधून आणि मेल पाठवणाऱ्या यंत्रणेतून हे काढून एका ओळीत लिहा: किती पाठवले, किती परत आले, किती जणांनी लिंक उघडली, किती जणांनी पहिलं पान भरून पुढे ढकललं, किती जण शेवटपर्यंत पोहोचले. सगळ्यात मोठी घसरण ज्या दोन आकड्यांमध्ये आहे, काम तिथे करायचं.

मेल ‘उघडला’ हा आकडा मात्र यात धरू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आली, ती चालू असेल तर उघडल्याची नोंद ठेवण्यासाठी मेलमध्ये घातलेलं अदृश्य चित्र माणसाने मेल न बघताही आपोआप उतरवलं जातं, आणि तुमच्याकडे ‘उघडला’ अशी नोंद होते. लिंकवरच्या क्लिकचंही तसंच. मोठ्या रुग्णालयांच्या मेल यंत्रणेत सुरक्षेसाठी बसवलेलं सॉफ्टवेअर प्रत्येक लिंक स्वतः उघडून तपासतं. मेल पोहोचल्यापासून काही सेकंदांत क्लिक, एकाच आयपी पट्ट्यातून (म्हणजे एकाच नेटवर्कवरून) अनेक क्लिक, आणि ‘मला यापुढे मेल नको’ या लिंकवरही क्लिक असं दिसलं, की ते डॉक्टर नव्हेत. यात एक खड्डा आहे. नकाराची लिंक नुसती उघडल्यावर नोंद होत असेल, तर हे सॉफ्टवेअर तुमच्या अर्ध्या रुग्णालयाला यादीतून बाहेर काढून मोकळं होतं. पहिला प्रश्न थेट मेलमध्येच देऊन पर्यायावर क्लिक करताच उत्तर जमा होण्याची सोय केली असेल, तर ते उत्तरंही देऊन टाकतं. म्हणून नकार असो वा उत्तर, पान उघडल्यावर बटण दाबल्याशिवाय नोंद होऊ द्यायची नाही. खरी सुरुवात म्हणजे पहिलं पान भरून पुढे ढकलणं.

पत्ते परत येतायत: यादीचा दोष

नोंदणी परिषदेच्या यादीत पत्ता बहुधा नोंदणीच्या वेळचा असतो. त्यात निवृत्त झालेले, परदेशी गेलेले, वारलेले आणि वैद्यकी सोडून प्रशासनात गेलेलेही असतात. पदवी एका विषयाची आणि प्रत्यक्ष काम दुसरंच, हेही सर्रास. संघटनेच्या यादीतले पत्ते ताजे असतात, पण सभासद नसलेले डॉक्टर त्यात मुळातच नसतात आणि ही उणीव नंतर कोणत्याही रिमाइंडरने भरून निघत नाही.

पाठवण्याआधी यादीतून ५० नावं चिठ्ठ्या टाकून काढा आणि फोन करून किंवा रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून पडताळा. समजा १२ चुकीची निघाली. म्हणजे २४ टक्के. पण ५० च्या नमुन्यावर हा अंदाज साधारण १२ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे यादीतली आठवा भाग ते एक तृतीयांशाहून थोडी जास्त नावं वाया. एवढं कळलं तरी यादी आधी साफ करायची की नाही हे ठरवता येतं. दोन याद्या एकत्र करताना नावावर जुळवू नका. आद्याक्षरं, लग्नानंतर बदललेलं आडनाव, नावाची तीन स्पेलिंगं यात एकच डॉक्टर तीनदा येतो आणि तीन वेळा मेल मिळाल्यावर चिडून तिन्ही टाकून देतो. नोंदणी क्रमांकावर जुळवा.

इथेच सगळ्यात महागडी चूकही होते: यादी आठ हजारांची आहे म्हणून आठ हजारांना मेल टाकणं. तेवढ्या लोकांच्या मागे फोन, टपाल, दुसरी प्रत असं काही करणं शक्य नसतं, म्हणून फक्त मेल जातो आणि दहा टक्क्यांवर गाडी थांबते. त्याऐवजी आठशे जण यादृच्छिक पद्धतीने निवडा आणि सगळा पैसा-वेळ त्यांच्यावर घाला. हिशोब असा. मोठ्या गटासाठी, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली तर ३८४ उत्तरं लागतात. एकूण डॉक्टर १२०० च असतील तर ३८४ भागिले (१ + ३८३/१२००), म्हणजे २९१ पुरतात. प्रतिसाद ४० टक्के धरला तर ७२८ जणांपर्यंत पोहोचायला हवं, आणि दहावा हिस्सा पत्ते चुकीचे धरले तर ८०९ नावं काढायची. ‘५ टक्के चूक’ हा आकडा न आलेली उत्तरं आलेल्यांसारखीच आहेत असं मानून निघालेला असतो. अहवालात तो मिरवताना एवढं ध्यानात असू द्या.

टपाल, वेब, फोन: कोणतं आणि कोणत्या क्रमाने

डॉक्टरांच्या सर्वेक्षणांच्या पद्धतींवरचा २००७ चा आढावा सांगतो की टपाल आणि फोन यांना वेब आणि फॅक्सपेक्षा जास्त प्रतिसाद मिळाला. वेब स्वस्त आहे, उत्तरं लगेच हातात येतात, आणि गैरलागू प्रश्न आपोआप वगळता येतात. पण मेल दुपारच्या पन्नास मेलखाली गाडला जातो. कागद टेबलावर पडून राहतो, दोन रुग्णांच्या मधल्या चार मिनिटांत भरता येतो, लॉगइन मागत नाही. फोनवर पाच-सहा प्रश्न विचारता येतात; त्याहून लांबलं की समोरचा घाईत ‘हो-हो’ म्हणू लागतो. परिषदेत स्लाइडवर क्यूआर कोड दाखवून भराभर दोनशे उत्तरं येतात, पण ती परिषदेला आलेल्यांची असतात. दवाखाना बंद ठेवून येऊ न शकणारा एकटा डॉक्टर त्यात नसतो. फॅक्सबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

वेब आणि कागद एकत्र वापरणं हा बहुतेकांसाठी योग्य मार्ग आहे, पण दोन्ही पर्याय एकाच वेळी हातात देऊ नका. टपाली प्रश्नावलीसोबतच वेबचाही पर्याय दिला तर काय होतं, यावरच्या १९ प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये झालं. ते केवळ डॉक्टरांपुरतं नव्हतं. पण दोन्ही दिल्यावर प्रतिसाद उलट घटला. कागद बाजूला ठेवून ‘नंतर ऑनलाइन करू’ म्हणणारा माणूस ते नंतर करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या ‘मेबेल’ या दीर्घकालीन सर्वेक्षणात हेच चिठ्ठ्या टाकून तपासलं गेलं. २०११ मध्ये छापलेले आकडे असे: फक्त ऑनलाइन सुमारे १३ टक्के, दोन्ही एकदम १९.७ टक्के, आधी ऑनलाइन आणि न आलेल्यांना नंतर कागद २०.७ टक्के. शेवटच्या दोघांत फरक नगण्य आहे, पण एकामागून एक पाठवण्यात छपाई आणि टपालखर्च फक्त उरलेल्यांवर होतो. आधी कागद की आधी वेब यावर वाद घालायचा तर पैसा कमी असेल तेव्हा वेब आधी आणि वयस्क, एकट्याने दवाखाना चालवणारे डॉक्टर जास्त असतील तेव्हा कागद आधी, असं आमचं मत आहे.

मेल पोहोचले, क्लिक नाहीत

आधी तांत्रिक बाजू. ज्या डोमेनवरून मेल जातो त्यावर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्याच डोमेनवरून आल्याची खात्री पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी बरोबर लावलेल्या आहेत का, ते संस्थेच्या आयटी विभागाकडून लेखी घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुम्ही आठशेच पाठवत असलात तरी या नोंदी नसलेला मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी. छोट्या केलेल्या लिंका टाळा, जोडपत्र लावू नका, आठशे मेल एका दमात न सोडता शंभर-दीडशेच्या गटांत सोडा. चाचणीसाठी नुसत्या जीमेलवर भागत नाही. एखाद्या रुग्णालयाच्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये काय होतं ते बघा. एकाच रुग्णालयाचे वीस-तीस डॉक्टर नमुन्यात असतील तर तिथल्या आयटीला आधी कळवून पाठवणाऱ्याचा पत्ता मान्य करून घ्या.

मग मजकूर. ‘महत्त्वाचे सर्वेक्षण – कृपया आपला अमूल्य वेळ द्या’ हा विषय वाचून कोणीही मेल उघडत नाही, कारण त्यात काय आहे ते कळतच नाही. ‘शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या: भूलतज्ज्ञांसाठी १४ प्रश्न’ असा लिहा. पाठवणारं नाव ‘संशोधन कक्ष’ नको. त्याच विषयातल्या, त्या वर्तुळात माहीत असलेल्या डॉक्टरांचं हवं, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या सहीनिशी. मजकूर एवढाच पुरे:

“डॉ. (पूर्ण नाव), धडधाकट रुग्णाच्या छोट्या शस्त्रक्रियेआधी कोणत्या तपासण्या प्रत्यक्षात मागवल्या जातात, हे आम्ही भूलतज्ज्ञांना विचारत आहोत. तुमचं नाव नोंदणी यादीतून यादृच्छिक पद्धतीने निवडलं आहे. तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला घेता येणार नाही. १४ प्रश्न, साधारण सात मिनिटं. उत्तरं गोपनीय राहतील. निष्कर्ष तुम्हाला आधी पाठवू.”

तुमच्या जागी दुसरा चालणार नाही, हे वाक्य काढू नका. आपण नाही भरलं तरी काय बिघडतं, या विचाराला तेच उत्तर आहे. ‘सात मिनिटं’ लिहायचं ते मोजून. पाच मिनिटं म्हणून पंधरा घेतलीत तर रिमाइंडरवर कोणी विश्वास ठेवणार नाही. प्रत्येकाला वेगळी लिंक दिली असेल तर ‘निनावी’ हा शब्द वापरू नका. कोणी भरलं हे तुम्हाला कळतंय, म्हणून ‘गोपनीय’ म्हणा आणि ओळख कधी पुसली जाईल ते लिहा. खरोखर निनावी ठेवायचं असेल तर जुनी युक्ती आहे: प्रश्नावलीवर कुठलाही क्रमांक नाही, सोबत नाव लिहिलेलं एक वेगळं पोस्टकार्ड, ‘मी भरून पाठवली’ एवढंच सांगणारं. दोन्ही वेगवेगळे टपालात पडतात. कार्ड आलं की नाव रिमाइंडरच्या यादीतून काढायचं.

पाकीट डॉक्टरांच्या हातात पडतच नाही

टपाल आधी रिसेप्शनिस्ट चाळतात. चकचकीत पाकीट, छापील पत्त्याचं लेबल, खिडकीतून दिसणारा लोगो असलं काही दिसलं की ते औषध कंपनीचं समजून केराच्या टोपलीत जातं. साधं पाकीट, संस्थेचं नाव, डॉक्टरांचं नाव पदवीसह अचूक, आत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. पाकीट गेल्यावर तीन दिवसांनी फोन करा, आणि तो रिसेप्शनिस्टसाठीच असू द्या. ‘डॉक्टरांशी बोलायचंय’ म्हटलं की ‘ते ओपीडीत आहेत’ हे ठरलेलं उत्तर येतं. ‘डॉक्टरांच्या नावे आमच्या संस्थेचं पांढरं पाकीट आलंय का? नसेल तर आज पुन्हा पाठवते. डॉक्टर कागदपत्रं साधारण कधी बघतात?’ असं विचारलं तर माहिती मिळते, आणि पाकीट ढिगातून वरही येतं. फोनवरच उत्तरं घ्यायची असतील तर वेळ ठरवून घ्या. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी सहा ते आठ प्रयत्न झाल्याशिवाय ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा मारू नका. शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या दिवशी भेटत नाहीत, पण त्यांचे ते दिवस ठरलेले असतात. ते विचारून यादीत लिहून ठेवा.

मानधन दिलं तरी उपयोग नाही

बहुतेक वेळा ते ‘भरल्यावर देऊ’ असं दिलेलं असतं. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० डॉलरचा चेक प्रश्नावलीसोबतच पाठवला तेव्हा ७८ टक्के उत्तरं आली; तोच चेक उत्तर आल्यावर देऊ म्हटलं तेव्हा ६६ टक्के. रक्कम सारखी, फरक फक्त वेळेचा. आधी दिलेले चेक सगळेच वटवतात असंही नाही, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च कागदावरच्यापेक्षा कमी येतो. सोडत, लकी ड्रॉ, पेन, धर्मादाय देणगी यांचा डॉक्टरांवर फारसा परिणाम दिसत नाही. रोख किंवा रोखीसारखं काही, छोटं का असेना, त्याहून सरस ठरतं.

भाषा सांभाळा. ‘आपल्या वेळेचा मोबदला’ असं लिहिलंत की हृदयरोगतज्ज्ञ आपल्या सात मिनिटांची किंमत मनात काढतो आणि तुमची रक्कम हास्यास्पद ठरते. ‘आभाराची छोटी खूण’ म्हटलं की तुलना होत नाही. ईमेलमध्ये गिफ्ट कार्डचा कोड टाकणं मात्र टाळा. फसवणुकीचे मेल नेमके तसेच दिसतात, आणि स्पॅम फिल्टरलाही तसंच वाटतं. आधी द्यायचंय आणि सर्वेक्षण वेबवर आहे, अशा वेळी पहिला संपर्क कागदी पत्राने करा: पत्र, कोड छापलेलं कार्ड आणि टाइप करता येईल एवढी छोटी लिंक. सरकारी सेवेतल्या किंवा काही रुग्णालयांतल्या डॉक्टरांना काही घेण्याची मुभा नसते, आणि काही देशांत कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळालेली रक्कम जाहीर करावी लागते. म्हणून कोणाला काय देणार, कधी देणार आणि किती रिमाइंडर जाणार हे एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीच्या, पहिल्याच अर्जात लिहा. अर्ध्यावर मानधन जोडायचं ठरलं की सुधारित मंजुरी येईपर्यंत काम अडकतं.

सुरू करतात, पण अर्ध्यावर सोडतात

प्रत्येक प्रश्नावर किती जण थांबले ते काढा. गळती सगळीकडे थोडीथोडी असेल तर प्रश्नावली लांब आहे. एकाच प्रश्नावर धाडकन असेल तर तो प्रश्न बिघडलेला आहे. लांबीबद्दल २००५ मधला एक उपयोगी अभ्यास आहे: डॉक्टरांच्या टपाली प्रश्नावल्यांमध्ये साधारण १००० शब्दांपर्यंत प्रतिसाद टिकला, त्यापुढे तो झपकन घसरला. तो इंग्रजी मजकुराचा हिशोब होता, पण शब्द मोजण्याची सवय लावून घ्यायला हरकत नाही. कापायला सुरुवात यादीत आधीच असलेल्या माहितीपासून करा. विषय, पदवीचं वर्ष, गाव हे नोंदणीतून माहीत असेल तर पुन्हा कशाला विचारायचं? मोबाइलवर आडवे-उभे रकाने असलेला तक्ता स्क्रीनबाहेर जातो. त्याचे सुटे प्रश्न करा. सगळी उत्तरं सक्तीची ठेवू नका. मध्येच बोलावणं आलं तर त्याच लिंकवरून पुढे सुरू करता आलं पाहिजे. यातला एकही बदल डॉक्टरांना विचारून ठरवता येणार नाही. पाच जणांसमोर बसून, ते भरत असताना न बोलता बघावं लागतं.

बिघडलेल्या प्रश्नाचा नमुना: ‘तुमच्या किती टक्के मधुमेही रुग्णांचे पाय तुम्ही तपासता?’ हे कोणालाच माहीत नसतं. प्रामाणिक माणूस इथे थांबतो, बाकीचे ९० लिहून पुढे जातात. त्याऐवजी: ‘मागच्या ओपीडीतले शेवटचे पाच मधुमेही रुग्ण आठवा. त्यांपैकी किती जणांचे बूट-मोजे काढून पाय पाहिले?’ आणि खाली ० ते ५. उत्तर पटकन येतं आणि फुगवलेलं कमी असतं. फुगवटा खरा आहे: डॉक्टर मार्गदर्शक तत्त्वं पाळल्याचं स्वतः सांगतात ते आणि नोंदींतून दिसतं ते, यांत १९९९ च्या एका आढाव्यात मध्यक फरक २७ टक्क्यांचा निघाला होता. सवयींबद्दल थेट विचारण्यापेक्षा छोटा रुग्णप्रसंग देऊन ‘तुम्ही पुढे काय कराल’ असं विचारणं बरं, पण मग असे प्रसंग दोन-तीनच. तेही वाचायला वेळ खातात.

रिमाइंडर किती आणि कसे

कागदासाठी: पहिल्या दिवशी पूर्वसूचनेचं पत्र, चार-पाच दिवसांनी प्रश्नावली, त्यानंतर आठवड्याने आभार आणि आठवण, चौथ्या आठवड्याच्या सुमारास न आलेल्यांना पूर्ण नवी प्रत, सातव्या-आठव्या आठवड्यात सही घेऊन दिल्या जाणाऱ्या टपालाने किंवा कुरिअरने शेवटची. मेलसाठी अंतर कमी ठेवा: पहिला, मग चौथा, दहावा आणि सतरावा दिवस. पुढे मेल थांबवा आणि माध्यम बदला. प्रत्येक वेळी नवी प्रत किंवा लिंक हाताशी असली पाहिजे, ‘आधी पाठवलेली शोधा’ असं सांगितलं की संपलं. भरलेल्याला रिमाइंडर गेला तर तो पुढच्या सर्वेक्षणालाही गमावलात. पाठवण्याच्या सकाळीच यादी ताजी करा.

लिंक ग्रुपवर आधीच टाकली असेल तर

किती जणांनी पाहिली ते कळत नाही, म्हणून प्रतिसादाचं प्रमाण काढता येत नाही. एकच माणूस दोनदा भरतो, विद्यार्थी भरतात, आणि बक्षीस असेल तर डॉक्टर नसलेले लोक आणि बॉटही येतात. ग्रुपसाठी वेगळी लिंक करा, दोन्हीकडची उत्तरं एका फाइलीत मिसळू नका, नोंदणी क्रमांक किंवा संस्थेचा ईमेल विचारून पडताळा, आणि अशक्य कमी वेळात पूर्ण झालेली उत्तरं बाजूला काढा. अहवालात ‘सोयीचा नमुना’, म्हणजे निवडून न काढता हाताशी आले त्यांचा, असं स्पष्ट लिहा. वेब सर्वेक्षणांसाठी २००४ पासून असलेली ‘चेरीज’ तपासणी यादी हाताशी ठेवली तर काय काय सांगायला हवं ते सुटत नाही.

प्रतिसादाचं प्रमाण दर वेळी वेगळं निघतं

समजा ८०० जणांना पाठवलं. निवृत्त, मृत किंवा विषय बदललेले निघाले ४८. पूर्ण भरून आले २८२, अर्धवट २२, स्पष्ट नकार ३६, टपाल परत आलं ६२, काहीच कळलं नाही असे ३५०. सगळ्यात कडक हिशोब म्हणजे ४८ अपात्र वजा करून २८२ भागिले ७५२, म्हणजे ३७.५ टक्के. दुसरा हिशोब असा की माहीत असलेल्या ३८८ जणांपैकी (४८ + २८२ + २२ + ३६) ३४० पात्र निघाले, म्हणजे ०.८७६, तोच भाग उरलेल्या ४१२ अज्ञातांना (६२ + ३५०) लावला तर ३६१ पात्र. मग २८२ भागिले ७०१, म्हणजे ४०.२ टक्के. अर्धवटही धरले तर ४३.४. परत आलेली ६२ पाकिटं गुपचूप वगळून आणि अर्धवट धरून काहीजण ४४ टक्के लिहितात. अमेरिकन जनमत संशोधकांच्या ‘आपोर’ या संघटनेने या सूत्रांना आरआर१ ते आरआर६ असे क्रमांक दिलेले आहेत. कोणतं वापरलं ते लिहा, कच्चे आकडेही द्या. मग भांडण उरत नाही.

सगळं करूनही ३५ टक्क्यांवर अडलं

आता पाचवा रिमाइंडर टाकण्यात पैसा घालू नका. प्रतिसाद कमी म्हणजे निष्कर्ष वाकडा, असं सरळ गणित नाही. ५९ अभ्यास तपासून २००८ मध्ये दाखवलं गेलं की नुसत्या प्रतिसादाच्या आकड्यावरून निष्कर्ष किती कलंडलाय ते फारसं सांगता येत नाही. एकाच सर्वेक्षणातला एक प्रश्न ठीक असतो आणि दुसरा पार कलंडलेला. विषयात रस असलेलेच भरतात, त्यामुळे त्या रसाशी जोडलेले प्रश्न आधी कलंडतात.

तीन तपासण्या करा. पहिली: ज्यांनी भरलं आणि ज्यांनी नाही त्यांची यादीतल्या माहितीवर तुलना, म्हणजे विषय, पदवीचं वर्ष, लिंग, शहर की खेडं, एकट्याचा दवाखाना की रुग्णालय. फरक दिसला तर भार देऊन, म्हणजे कमी आलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, दुरुस्त करता येतो, पण फक्त तेवढ्याच बाबतीत. दुसरी: पहिल्या आठवड्यात आलेली आणि शेवटच्या रिमाइंडरनंतर आलेली उत्तरं मुख्य प्रश्नावर वेगळी आहेत का. उत्तरं क्रमाने एका दिशेला सरकत असतील तर न आलेलेही त्याच दिशेला असण्याची शक्यता धरा. तिसरी सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी: न भरलेल्यांमधून ५० जण चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्यांना फोनवर फक्त तीन प्रश्न विचारा. दोन मुख्य प्रश्नावलीतले, शब्दही न बदलता. तिसरा, भरली नाही याचं कारण. ‘मिळालीच नाही’ असं बरेचजण म्हणाले तर पुन्हा यादी आणि मेलकडे वळा. ‘असली सर्वेक्षणं मी भरत नाही’ म्हणणारे जास्त असतील आणि दोन प्रश्नांची उत्तरं बाकीच्यांसारखीच आली, तर रिमाइंडर बंद करून विश्लेषणाला बसायला हरकत नाही.